संचालन सत्र (मॉडेल रेल्वे)

संचालन सत्र म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर अनेक व्यक्तींनी एकत्र येऊन, खऱ्या रेल्वेच्या नियमांनुसार व ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, प्रवासी आणि माल यांची वाहतूक लघुरूपात पार पाडण्याचा उपक्रम होय. नुसत्या गाड्या गोल फिरवून पाहणे आणि संचालन सत्र यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात गाडी हे पाहण्याचे दृश्य असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गाडीला निघण्याचे कारण, पोहोचण्याचे ठिकाण आणि वाटेत करावयाचे काम असते. या उपक्रमाचा विकास मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन या देशांत झाला. आज युरोप, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणीही तो रूढ आहे.

स्वरूप

मॉडेल रेल्वेच्या छंदाची साधारणपणे तीन अंगे मानली जातात : इंजिने व डबे यांची बांधणी, निसर्ग व वास्तू यांचा देखावा आणि संचालन. संचालनात रस घेणाऱ्यांच्या दृष्टीने पहिली दोन अंगे ही साधने असून प्रत्यक्ष वाहतूक हे साध्य असते. सत्र बहुधा तीन ते चार तास चालते आणि मांडणीच्या आकारानुसार त्यात दोन-तीन जणांपासून वीस-पंचवीस जणांपर्यंत सहभाग असू शकतो. हा खेळ असला तरी त्यात रूढ अर्थाने कोणी जिंकत वा हरत नाही. गाड्या सुरक्षितपणे, वेळेवर आणि योग्य वाघिणींसह पोहोचणे हेच सर्वांचे समान यश मानले जाते.

इतिहास

अमेरिका

अमेरिकेत मॉडेल रेल्वेच्या छंदाला संघटित रूप १९३०च्या दशकात आले. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झाली. संचालनाला छंदाचे केंद्र मानणाऱ्या पहिल्या प्रभावी लेखकांत न्यू ऑर्लिन्सचे फ्रँक एलिसन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या ‘डेल्टा लाइन्स’ या मांडणीची माहिती आणि संचालनविषयक लेखमाला १९४०च्या दशकात ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकातून प्रसिद्ध झाली. एलिसन यांनी मॉडेल रेल्वेची तुलना रंगभूमीशी केली. देखावा हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक ही संहिता, असे या तुलनेचे सूत्र होते.

कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन यांची ‘गोर अँड डॅफेटिड’ ही मांडणी डोंगराळ देखाव्यासाठी विख्यात झाली. मात्र तिच्यावर नियमित संचालन सत्रेही होत असत आणि वाघिणींच्या छतावर रंगीत खुणा ठेवून त्यांचे गंतव्यस्थान दर्शविण्याची पद्धत तेथे वापरली जाई. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ही मांडणी नष्ट झाली. आज ती छायाचित्रे, चित्रफिती व लेख यांतूनच ज्ञात आहे.

रूळमार्गाचा आराखडा संचालनाच्या गरजेनुसार कसा करावा याचे पद्धतशीर विवेचन जॉन आर्मस्ट्राँग यांनी ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन’ या १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केले. ब्रूस चब यांचे ‘हाऊ टू ऑपरेट युवर मॉडेल रेलरोड’ हे पुस्तक १९७७ साली आले. ओहायो राज्यातील ॲलन मॅक्लेलंड यांनी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ या काल्पनिक रेल्वेद्वारे एक महत्त्वाचा विचार रुजवला. तो असा की, मांडणी हा स्वयंपूर्ण प्रदेश नसून देशव्यापी रेल्वेजाळ्याचा एक तुकडा आहे, आणि म्हणून तेथील गाड्या ‘बाहेरून’ आल्या पाहिजेत व ‘बाहेर’ गेल्या पाहिजेत.

तंत्रज्ञानाच्या इतिहासातही या छंदाची नोंद आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६ साली सुरू झाला. दूरध्वनी केंद्रातील रिले वापरून गाड्यांचे नियंत्रण करणारी गुंतागुंतीची यंत्रणा तेथील विद्यार्थ्यांनी उभारली. संगणकक्षेत्रातील ‘हॅकर’ या संज्ञेच्या आरंभीच्या वापराशी या क्लबचे नाव जोडले जाते.

ब्रिटन व युरोप

ब्रिटनमध्ये घरे लहान असल्यामुळे मांडण्याही आटोपशीर राहिल्या. तेथे एखादे टोकाचे स्थानक आणि त्याला जोडलेले गाड्या बदलण्याचे छुपे यार्ड अशी रचना लोकप्रिय झाली. धर्मोपदेशक पीटर डेनी यांचा ‘बकिंगहॅम’ हा ग्रेट सेंट्रल रेल्वेवर आधारित मार्ग याचे उत्तम उदाहरण होय. तो दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला आणि अनेक दशके वाढत गेला. एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकाला घंटेच्या संकेतांनी सूचना देऊन तेथे गाड्या चालवल्या जात. शेजारच्या स्थानकाचे काम डेनी यांचा मुलगा क्रिस्पिन पाहत असे. तो उपलब्ध नसताना त्याच्या वाट्याचे काम करणारे एक यंत्र डेनी यांनी बनवले आणि त्याला ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ असे नाव दिले.

युरोपात १९८१ साली स्थापन झालेल्या ‘फ्रेमो’ या संघटनेने वेगळी वाट धरली. तिचे सदस्य आपापल्या घरी ठरावीक मापाचे सुटे भाग बनवतात आणि मोठ्या सभागृहात ते जोडून लांब मार्ग तयार करतात. त्यावर प्रत्येक मेळाव्यासाठी नव्याने आखलेल्या वेळापत्रकानुसार गाड्या चालवल्या जातात.

मांडणीची रचना

संचालनयोग्य मांडणीत पुढील घटक आवश्यक मानले जातात.

स्थानके व लूप : एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी पुरेशा लांबीचे लूप लागतात. सर्वांत लांब गाडी लूपमध्ये मावली नाही, तर वेळापत्रक कोलमडते.

कारखाने व मालधक्के : वाघिणी पोहोचवण्याची व उचलण्याची ही ठिकाणे होत. सायडिंगचा सांधा कोणत्या दिशेला उघडतो यावरून कामाची अडचण ठरते. इंजिनाच्या पुढे असलेल्या सायडिंगमध्ये वाघीण ढकलण्यासाठी इंजिनाला आधी लूपमधून फिरून वाघिणीच्या मागच्या बाजूला यावे लागते.

यार्ड : येथे आलेल्या गाड्या फोडून वाघिणी गंतव्यस्थानानुसार लावल्या जातात आणि नव्या गाड्या जुळवल्या जातात.

छुपे यार्ड : भिंतीआड किंवा देखाव्याखाली असलेल्या या मार्गांवर गाड्या आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या असतात. नाट्यगृहातील विंगेप्रमाणे ते उर्वरित जगाचे काम करते.

काळ आणि अंतर

मॉडेल रेल्वेत वस्तूंचा आकार कमी करता येतो, परंतु घरातील जागेमुळे अंतर त्याहूनही अधिक आक्रसावे लागते. एचओ या सर्वाधिक प्रचलित मापाचे प्रमाण १:८७ आहे. या प्रमाणात एक मैल म्हणजे सुमारे १८.५ मीटर होतो, आणि १० किलोमीटर अंतरावरील दोन स्थानकांसाठी सुमारे ११५ मीटर रूळ लागतील. प्रत्यक्षात दोन स्थानकांमध्ये ६-७ मीटर जागा मिळाली तरी ती बरी समजली जाते.

या अडचणीवर जलद घड्याळ हा उपाय वापरला जातो. हे घड्याळ खऱ्या वेळेच्या चौपट, सहापट किंवा अन्य ठरावीक वेगाने चालते. चौपट वेगाच्या घड्याळावर तीन तासांच्या सत्रात रेल्वेचे बारा तास पूर्ण होतात. ताशी ६० किलोमीटर हा वेग एचओ प्रमाणात सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर होतो. म्हणजे ७ मीटरचे अंतर कापण्यास सुमारे ३७ सेकंद लागतील. प्रमाणानुसार हे अंतर जेमतेम ६०० मीटर आहे. मात्र चौपट घड्याळावर तेवढ्यात जवळजवळ अडीच मिनिटे उलटलेली असतात आणि प्रवास अडीच किलोमीटरचा झाल्यासारखा वाटतो.

या उपायाला मर्यादाही आहे. घड्याळ वेगाने चालले तरी सांधा बदलणे, वाघीण जोडणे किंवा आदेश वाचणे या मानवी कृतींचा वेग वाढत नाही. त्यामुळे शंटिंगचे काम जास्त असलेल्या मांडण्यांवर घड्याळाचा वेग कमी ठेवतात किंवा खरी वेळच वापरतात.

वाहतूक नियंत्रणाच्या पद्धती

क्रमवार पद्धत

ही सर्वांत सोपी पद्धत होय. घड्याळ न वापरता केवळ गाड्यांचा क्रम ठरवून दिला जातो. एक हालचाल पूर्ण झाल्याखेरीज पुढची सुरू करावयाची नसते. एकट्या व्यक्तीला किंवा नवशिक्या गटाला ही पद्धत सोयीची ठरते.

घंटासंकेत व टोकन पद्धत

ब्रिटिश धर्तीच्या मांडण्यांवर दोन स्थानकांमधील खंडात एका वेळी एकच गाडी असावी या तत्त्वावर काम चालते. एक ठोका लक्ष वेधण्यासाठी, दोन ठोके गाडी खंडात शिरल्याचे कळवण्यासाठी, अशी संकेतभाषा ठरलेली असते. एकेरी मार्गावर चालकाकडे त्या खंडाचे टोकन असल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. भारतीय रेल्वेवरही टोकन पद्धत दीर्घकाळ वापरली गेली आहे.

वेळापत्रक व गाडी-आदेश पद्धत

उत्तर अमेरिकेतील एकेरी मार्गांवर विसाव्या शतकाचा बराच काळ चाललेली ही पद्धत संचालन सत्रांतील सर्वांत आव्हानात्मक मानली जाते. तिचा उगम तारयंत्राच्या वापरात आहे. इरी रेल्वेचे अधिकारी चार्ल्स मिनो यांनी १८५१ साली तारेने आदेश पाठवून गाडी पुढे नेण्याची प्रथा सुरू केली.

या पद्धतीत प्रत्येक गाडीचे श्रेष्ठत्व ठरलेले असते. वेळापत्रकातील प्रथम वर्गाची गाडी द्वितीय वर्गाच्या गाडीहून श्रेष्ठ असते. समान वर्गात दिशेवरून श्रेष्ठत्व ठरते. वेळापत्रकात नसलेली जादा गाडी सर्व नियमित गाड्यांहून कनिष्ठ असते. कनिष्ठ गाडीने श्रेष्ठ गाडीच्या वाटेतून वेळेआधी बाजूला होणे हे तिचे कर्तव्य असते.

उदाहरणादाखल अ, ब व क ही ओळीने असलेली तीन स्थानके घेता येतील. प्रथम वर्गाची प्रवासी गाडी क येथून १०.०० वाजता, ब येथून १०.२० वाजता निघून अ येथे १०.४० वाजता पोहोचते. अ येथे उभ्या असलेल्या जादा मालगाडीला क कडे जावयाचे आहे आणि ब गाठण्यास तिला वीस मिनिटे लागतात. नियमानुसार तिने प्रवासी गाडीच्या सुटण्याच्या वेळेपूर्वी पाच मिनिटे, म्हणजे १०.१५ पर्यंत, ब येथील लूपमध्ये शिरलेच पाहिजे. त्यामुळे तिला ९.५५ च्या आत निघावे लागेल. १०.०५ वाजले असतील, तर प्रवासी गाडी येईपर्यंत अ येथेच थांबणे भाग आहे.

आता प्रवासी गाडी अर्धा तास उशिरा धावत आहे असे समजू. मालगाडीच्या चालकाला हे ठाऊक नसते, म्हणून तो नियमाने थांबून राहतो. येथे गाडी-नियंत्रकाचे काम सुरू होते. प्रवासी गाडी क ते अ दरम्यान तीस मिनिटे उशिरा धावेल, असा लेखी आदेश तो दोन्ही गाड्यांसाठी काढतो. आदेश मिळाल्यानंतर प्रवासी गाडीला १०.५० पूर्वी ब सोडता येत नाही. मालगाडी मात्र १०.०५ वाजता निघून १०.२५ ला ब येथे सुखरूप पोहोचते.

आदेश तोंडी देऊन भागत नाही. स्थानकावरील कर्मचारी तो लिहून घेतो आणि शब्दशः परत वाचून दाखवतो. नियंत्रक तो तपासून ‘पूर्ण’ असे म्हणतो व वेळ नोंदवतो. त्यानंतरच आदेश लागू होतो. नियंत्रकाला गाड्या दिसत नसतात. तो बहुधा वेगळ्या खोलीत बसलेला असतो आणि त्याला मार्गाची स्थिती केवळ कळवलेल्या माहितीवरून समजते. एखाद्या स्थानकाचे नाव चुकीचे ऐकले गेले किंवा आदेशाची एक प्रत पोहोचवायची राहिली, तर दोन गाड्या एकाच मार्गावर समोरासमोर येतात. खऱ्या रेल्वेवर अशा चुकांची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली होती. मॉडेलवर फक्त गाड्या मागे घ्याव्या लागतात. परंतु नियमपुस्तकातील प्रत्येक कलम कशासाठी होते, हे त्या क्षणी सहभागी व्यक्तीला नेमके उमगते.

केंद्रीकृत नियंत्रण व ट्रॅक वॉरंट

केंद्रीकृत वाहतूक नियंत्रणात नियंत्रक फलकावरील कळांनी दूरवरचे सांधे व सिग्नल स्वतः चालवतो. खऱ्या रेल्वेवर ही पद्धत सर्वप्रथम १९२७ साली ओहायो राज्यात न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेवर अमलात आली. आधुनिक काळ दर्शवणाऱ्या मांडण्यांवर ट्रॅक वॉरंट पद्धत वापरतात. तीत नियंत्रक रेडिओवरून चालकाला ठरावीक ठिकाणापर्यंत जाण्याचा अधिकार देतो आणि चालक तो छापील नमुन्यावर लिहून घेऊन परत वाचतो.

मालवाहतुकीचे व्यवस्थापन

गाड्या कधी धावाव्यात हे वेळापत्रक सांगते. कोणती वाघीण कोठे जावी हे ठरवण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था लागते. यातील सर्वाधिक प्रसिद्ध म्हणजे कार्ड व बिल्टी पद्धत. तिचे एक प्रभावी रूप डग स्मिथ यांनी १९६१ साली ‘मॉडेल रेलरोडर’मध्ये मांडले. प्रत्येक वाघिणीसाठी एक कार्ड असते. त्यावर वाघिणीचा प्रकार व क्रमांक लिहिलेला असून खाली एक खिसा असतो. खिशात बिल्टी ठेवलेली असते. बिल्टीच्या दोन्ही अंगांना मिळून चार नोंदी करता येतात. उदाहरणार्थ, रिकामी वाघीण यार्डातून लाकडाच्या वखारीत जाते, भरून बंदरावर जाते, तेथून रिकामी परतते, असा प्रवास त्यावर लिहिलेला असतो. सत्र संपल्यावर पोहोचलेल्या वाघिणींच्या बिल्ट्या फिरवून पुढची नोंद वर आणली जाते. त्यामुळे पुढील सत्राचे काम आपोआप तयार होते.

दुसऱ्या पद्धतीत गार्डाच्या हाती शंटिंगची यादी दिली जाते. पूर्वी ती हाताने लिहिली जाई, आता ती बहुधा संगणकावर तयार होते. जेएमआरआय हा मुक्त-स्रोत संगणक कार्यक्रम यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

शंटिंगची कोडी

अगदी थोड्या जागेतही संचालनाचा आनंद घेता यावा म्हणून काही कोडी तयार झाली आहेत. जॉन ॲलन यांचे ‘टाइमसेव्हर’ १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाघिणी कमीत कमी वेळात योग्य जागी पोहोचवावयाच्या असतात. ब्रिटनमधील ॲलन राइट यांच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या कोड्यात तीन छोटे मार्ग व आठ वाघिणी असतात. त्यांतून चिठ्ठीने निघालेल्या पाच वाघिणींची गाडी ठरलेल्या क्रमानेच जुळवावयाची असते. आठांतून पाच वाघिणींचे असे ६,७२० वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यामुळे एका फळीवर मावणारी मांडणीही वर्षानुवर्षे नवी राहते.

सहभागींच्या भूमिका

गाडी-नियंत्रक : संपूर्ण मार्गावरील वाहतुकीस जबाबदार.

यार्ड-प्रमुख : गाड्या जुळवणे व फोडणे. यार्ड तुंबले की सगळी रेल्वे तुंबते, म्हणून हे काम अनुभवी व्यक्तीकडे देतात.

चालक व गार्ड : गाडी चालवणे आणि वाघिणींचे कागद सांभाळणे. लहान मांडण्यांवर दोन्ही कामे एकच व्यक्ती करते.

स्थानक कर्मचारी : आदेश लिहून घेणे, गाड्या गेल्याची वेळ कळवणे.

बँकर चालक : चढावर गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाचा चालक. कर्जत-लोणावळा घाटातील बँकर इंजिनांप्रमाणेच डोंगरी मांडण्यांवर हे काम चालते.

नियंत्रणाचे तंत्र

पूर्वी रूळमार्गाचे विजेच्या दृष्टीने अलग खंड पाडून प्रत्येक खंड खटक्यांनी एकेका चालकाच्या नियंत्रकाशी जोडावा लागे. चालकाचे निम्मे लक्ष खटक्यांकडेच राही. १९९०च्या दशकात नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारित, डिजिटल कमांड कंट्रोलचे मानक स्वीकारले. यात प्रत्येक इंजिनात बसवलेला डिकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाच्या आज्ञा पाळतो. त्यामुळे एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात. चालक हातातील नियंत्रक घेऊन आपल्या गाडीबरोबर चालू लागला, आणि त्याचे लक्ष पुन्हा सिग्नल व मार्ग यांवर आले. याच तंत्रामुळे दोन गाड्यांची टक्करही शक्य झाली, कारण चालकाला थांबवणारा मृत खंड आता उरला नाही.

मर्यादा व मतभेद

संचालनाविषयी छंदप्रेमींत एकमत नाही. दिवसभराच्या नोकरीनंतर पुन्हा वेळापत्रक, नियम व कागद कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. गाड्या निवांत धावताना पाहणे हाही तितकाच खरा आनंद आहे, असे अनेकांचे मत आहे. नवागताला नियमांचे ओझे व चुकण्याची भीती वाटू शकते. यासाठी त्याला पहिल्या सत्रात अनुभवी गार्डाबरोबर देण्याची किंवा न थांबणारी साधी गाडी देण्याची पद्धत आहे. तांत्रिक बाजूही महत्त्वाची आहे. रुळावरून घसरणारी एक वाघीण किंवा धुळीमुळे अडखळणारे एक इंजीन वास्तवतेचा भास मोडते. त्यामुळे सत्राआधी रूळ, चाके व जोडण्या यांची तपासणी आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात मॉडेल रेल्वेचा छंद मर्यादित आहे. आयात सामग्रीची किंमत हे त्याचे एक कारण आहे. भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर असून १:८७ प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर होते. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे पाश्चात्त्य प्रमाणगेजला अनुसरून असतात. महाराष्ट्रात पुणे येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून प्रसिद्ध आहे. तेथील मांडणी प्रेक्षकांना दाखवण्यासाठी असल्यामुळे ती प्रदर्शन प्रकारात मोडते.

महत्त्व

उत्तर अमेरिकेतील रेल्वेंनी रेडिओ व संगणक आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गाडी-आदेश पद्धत जवळजवळ पूर्णपणे सोडून दिली. नियमपुस्तके व आदेशांच्या प्रती अभिलेखागारांत उरल्या आहेत. पण ही पद्धत चालवण्याचे कौशल्य, म्हणजे मनात मार्गाचे चित्र ठेवणे, दहा मिनिटे पुढचे पाहणे आणि नेमक्या शब्दांत आदेश देणे, कागदावर जतन होत नाही. ते करूनच शिकावे लागते. ज्यांनी ते खऱ्या रुळांवर केले, त्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे. अशा निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांकडून ते शिकून घेणाऱ्या छंदप्रेमींमुळे हे कौशल्य अजून वापरात आहे. या अर्थाने संचालन सत्र हा करमणुकीचा प्रकार असण्याबरोबरच, लुप्त झालेल्या एका कार्यपद्धतीचे जिवंत जतनही आहे.